कॉम्प्युटर चालू होता होताच पडतोय? फॉर्मॅट मारण्याआधी एवढं करा

हळदीचा हंगाम नुकताच चढायला लागला होता. आमच्या सांगलीच्या मार्केट यार्डात सौदे निघायच्या आत आडत्याच्या पेढीवर सगळं सज्ज लागतं, कारण सौदा झाला की शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या कागदासाठी, समोर उभा राहतो. आणि नेमका त्या दिवशी पेढीवरचा कॉम्प्युटर विंडोजचं चिन्ह दाखवायचा, खालचे ठिपके तीन-चार गरके मारायचे, की निळी स्क्रीन. आपोआप रीस्टार्ट, परत ठिपके, परत निळी. मी तिथं हिशेब बघते; कॉम्प्युटर दुरुस्त करणं हे काही माझं काम नाही. दुरुस्तीवाल्याला फोन लावला, तर मशीन न बघताच निदान तयार: "फॉर्मॅट मारावा लागंल मॅडम." मालक अण्णा बाजूलाच बसले होते. ते म्हणाले, "ताई, फॉर्मॅट म्हंजे पाटी पुसायची न्हवं? मग नगं." त्या दिवशीच्या पट्ट्या आम्ही कार्बन घालून हाताने लिहिल्या.

शेवटी निघालं ते असं. अण्णांच्या पुतण्याने 'मशीन स्लो आहे' म्हणून रॅम, म्हणजे चालू कामापुरती मेमरी, मोकळी करणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं होतं. अँटीव्हायरसमध्ये तसलाच एक 'बूस्टर' आधीपासून होता. दोघांनाही मशीन चालू होताक्षणी मेमरीत हात घालायचा होता. हे मला सापडायला दीड दिवस लागला, कारण मी सगळं उलट्या क्रमाने केलं. क्रम माहीत असेल तर दोन-तीन तासांचं काम आहे. खालचं सगळं विंडोज १० आणि ११ ला लागू पडतं.

आधी संशयित ओळखा

'मेमरी सांभाळणारं सॉफ्टवेअर' म्हटलं की लोकांना फक्त रॅम बूस्टर आठवतो. पण या गोतावळ्यात आणखी मंडळी आहेत: रॅमचाच एक भाग ड्राइव्हसारखा वापरणारी रॅम डिस्क, हार्ड डिस्क जलद करतो म्हणणारी कॅशिंगची सॉफ्टवेअरं, आणि प्रत्येक प्रोग्रॅमच्या मेमरीवर नजर ठेवणारा अँटीव्हायरस.

साधा बूस्टर करतो काय, तर चालू असलेल्या प्रोग्रॅम्सची पानं, म्हणजे मेमरीतले त्यांचे तुकडे, रॅममधून बाहेर ढकलतो. काय किती मेमरी खातंय ते दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमधला आकडा खाली येतो आणि माणूस खूश होतो. पण तुम्ही टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर परत क्लिक केलंत की ढकललेली बरीच पानं डिस्कवरून पुन्हा आणावी लागतात. म्हणजे मशीन आणखी मंद. विंडोज १० मध्ये २०१५ पासून न लागणारी पानं दाबून रॅममध्येच ठेवायची सोय आहे. बूस्टरला त्यात करण्यासारखं काही उरलेलंच नाही, हे माझं स्पष्ट मत.

नुसता बूस्टर सहसा निळी स्क्रीन आणत नाही. फार तर एखादा प्रोग्रॅम बंद पाडतो. अख्खं मशीन आडवं होतं ते सॉफ्टवेअरबरोबर ड्रायव्हर आला तर. ड्रायव्हर म्हणजे यंत्राच्या भागांशी किंवा विंडोजच्या आतल्या कामांशी थेट बोलणारा छोटा प्रोग्रॅम; तो विंडोजच्या गाभ्यात चालतो, तिथं चुकीला माफी नाही. १९ जुलै २०२४ ला जगभरात विमानतळांपासून बँकांपर्यंत निळ्या स्क्रीन झळकल्या होत्या, आठवतं? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे तिचा ड्रायव्हर मेमरीत नको तिथलं वाचायला गेला आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं पडली. तिथंही उपाय हाच होता: सेफ मोडमध्ये जायचं आणि ती एक फाइल काढायची. फॉर्मॅट नव्हे.

हाताशी काय लागेल

- विंडोजचा खरा पासवर्ड. चार आकडी पिनवर विसंबू नका. सेफ मोडमध्ये काही मशिनं पिन घेत नाहीत.
- ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे कुलूपबंद, असेल तर बिटलॉकरची (विंडोजच्या या कुलपाची) ४८ आकडी रिकव्हरी की. नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. मोबाइलवरून लॉगिन करून कागदावर उतरवून घ्या.
- दोन पेनड्राइव्ह. एक डेटा काढायला, दुसरा कमीत कमी ८ जीबीचा, विंडोजची सेटअप फाइल टाकायला, दुरुस्तीची स्क्रीनच आली नाही तर.
- दुसरा चालू कॉम्प्युटर, शेजारच्या पेढीवरचा चालेल.
- विकत घेतलेल्या अँटीव्हायरसची की किंवा बिल, म्हणजे काढून परत टाकता येईल.
- वही आणि पेन. हसू नका. माझा दीड दिवस गेला त्यात वही नसण्याचाही हात होता.

१. चालू-बंद करणं थांबवा आणि बघा

पहिली चूक सगळे हीच करतात: बटण दाब, बंद कर, परत दाब. एकदाच चालू करा आणि नेमकं कुठं पडतंय ते लिहा. विंडोजचं चिन्ह यायच्या आधीच बीप वाजतोय किंवा स्क्रीन काळीच राहते, तर दोष सॉफ्टवेअरचा नसण्याची शक्यता जास्त. थेट आठव्या पायरीवर जा. ठिपके फिरताना पडत असेल तर ड्रायव्हरवर संशय. पासवर्ड टाकून डेस्कटॉप दिसतो आणि मग पडतं, तर स्टार्टअपला चालू होणारे प्रोग्रॅम.

निळ्या (विंडोज ११ च्या नव्या अपडेटनंतर काळ्या) स्क्रीनचा मोबाइलने फोटो काढा. खाली 'स्टॉप कोड' लिहिलेला असतो. 'मेमरी मॅनेजमेंट', 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल' ही आपल्या विषयातली नेहमीची नावं. पण 'मेमरी मॅनेजमेंट' वाचून लगेच रॅम बदलायला धावू नका. तो कोड खराब रॅममुळे येतो तसा वाईट ड्रायव्हरमुळेही येतो.

२. शेवटचं काय बदललं, ते विचारा

पेढीवर, दवाखान्यात, शाळेच्या ऑफिसात, जिथं एका मशीनला चार हात लागतात तिथं ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात अवघड. 'काय टाकलं होतंस?' असं दरडावून विचारलं की उत्तर ठरलेलं: 'मी काय नाही केलं.' मी पुतण्याला चहा पाजला आणि विचारलं, "मशीन फास्ट कसं करायचं रे?" त्याने सॉफ्टवेअरचं नाव आपणहून सांगितलं. वर म्हणाला, "मी टाकलेलं लई भारी आहे ताई, एका क्लिकला दोन जीबी मोकळी!"

अपडेट, नवा प्रिंटर, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर, अँटीव्हायरसचं नूतनीकरण, सगळं तारखेसह वहीत लिहा.

३. सेफ मोडमध्ये शिरा

सेफ मोड म्हणजे विंडोज फक्त अत्यावश्यक ड्रायव्हर घेऊन चालू होतं. बाहेरची मंडळी दारातच थांबतात.

लॉगिनची स्क्रीन येत असेल तर खालच्या पॉवरच्या चिन्हावर जा, शिफ्ट दाबून धरा आणि रीस्टार्टवर क्लिक करा. तिथपर्यंतही जात नसेल, तर लागोपाठ दोन-तीनदा पडल्यावर विंडोज स्वतःच दुरुस्तीची स्क्रीन दाखवतं. नाहीच दाखवली, तर चिन्ह दिसताच पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून मशीन बंद करा; असं दोन-तीनदा. मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि यादी आली की ४ हा आकडा दाबा. इंटरनेट हवं असेल तर ५. जुन्या सवयीने एफ ८ दाबत बसू नका. विंडोज ८ पासून ते मुळात बंद ठेवलेलं आहे.

सेफ मोडमध्ये मशीन न पडता पंधरा मिनिटं चाललं तर निम्मी लढाई झाली: रॅम बहुधा ठीक आहे, बाहेरचं काहीतरी भांडतंय.

एक सापळा: काही व्हिडिओंमध्ये एमएसकॉन्फिग (msconfig) या विंडोजच्या सेटिंगच्या चौकटीत 'सेफ बूट'वर टिक करायला सांगतात. ती टिक केली की मशीन दर वेळी सेफ मोडमध्येच जातं, आणि पासवर्ड विसरलेला असला तर तुम्ही बाहेरच अडकता. वरचा रस्ता एका वेळेपुरता असतो, तोच वापरा.

४. डेटा बाहेर काढा

आत शिरलात की दुसरं काही करायच्या आधी हे. टॅलीचा डेटा बऱ्याचदा डॉक्युमेंट्समध्ये नसतो. कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते टॅली आधी चालू असताना बघून ठेवलेलं असलं तर उत्तम, नसेल तर सी आणि डी दोन्ही ड्राइव्ह शोधा. पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या आणि शेजारच्या मशीनवर उघडून बघा. कॉपी झाली म्हणजे ती उघडतेच असं नाही.

५. पुरावा वाचा

स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केलं की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्ट्री' येतं. हे पान फार कमी लोकांना माहीत आहे आणि फार कामाचं आहे. तारखांचा तक्ता दिसतो. मशीन पडलं त्या दिवशी लाल फुली, काही नवं टाकलं त्या दिवशी निळी खूण. आमच्या तक्त्यात शनिवारी निळी खूण होती आणि रविवारपासून रोज लाल फुल्यांची माळ. वहीतल्या तारखा आणि हा तक्ता शेजारी ठेवले की अर्धा गुंता इथंच सुटतो.

आणखी खोलात जायचं असेल तर सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमध्ये 'मिनीडंप' नावाचं फोल्डर असतं. त्यातल्या फाइली ब्लूस्क्रीनव्ह्यू या छोट्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या की संशयित ड्रायव्हरचं नाव दिसतं. ती फाइल शोधून प्रॉपर्टीज, डिटेल्समध्ये गेलात की बनवणाऱ्या कंपनीचं नाव कळतं. इथं दोन फसव्या गोष्टी आहेत. संशयित म्हणून 'एनटीओएसकर्नल' (ntoskrnl) दिसलं तर तो विंडोजचा गाभाच आहे. बहुतेक वेळा तो मार खाणारा असतो, मारणारा नव्हे. आणि इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत 'कर्नल पॉवर ४१' दिसलं म्हणजे फक्त एवढंच, की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. लाइट गेली तरी तेच लिहून येतं.

६. क्लीन बूट: अर्धे-अर्धे करून चोर पकडा

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, चौकटीत एमएसकॉन्फिग लिहा. सर्व्हिसेसच्या, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅम्सच्या, पानावर खाली 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस' आहे. त्यावर आधी टिक करा, मगच 'डिसेबल ऑल'. ही टिक विसरून लोक विंडोजच्या स्वतःच्या सर्व्हिसेस बंद करतात आणि मग लॉगिनच होत नाही. नंतर टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावर जाऊन तिथलंही सगळं बंद करा. प्रिंटर चालणार नाही, डिजिटल सही होणार नाही. तात्पुरतं आहे, घाबरू नका. रीस्टार्ट.

मशीन सरळ चालू झालं? मग अर्ध्या सर्व्हिसेस चालू करा, परत रीस्टार्ट. पडलं, तर चोर या अर्ध्यात. नाही पडलं, तर दुसऱ्यात. सोळा सर्व्हिसेस असतील तर आठ, चार, दोन, एक, म्हणजे चार रीस्टार्टमध्ये निकाल. दर वेळी काय चालू, काय बंद ते वहीत. आणि 'शट डाउन' नव्हे, रीस्टार्टच करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवतं, मग तुम्ही बदल तपासताय की कालचंच शिळं, ते कळत नाही.

आता मी जिथं अडकले ते. आमच्याकडे पहिल्या अर्ध्यावर मशीन गुमान चालू झालं. दुसऱ्या अर्ध्यावरही गुमान चालू झालं. सगळं चालू केलं की आडवं. मी हताश होऊन परत पहिल्यापासून सुरू केलं, तरी तेच. संध्याकाळी घरी जाताना डोक्यात आलं, की भांडायला दोघं लागतात. बूस्टर एका अर्ध्यात होता, अँटीव्हायरसचा भाग दुसऱ्यात. एकटा कोणीच वाईट नव्हता. असं झालं तर पद्धत बदला: ज्याच्यावर सगळ्यात जास्त संशय आहे, म्हणजे तक्त्यातली शेवटची निळी खूण, त्याला चालूच ठेवा आणि बाकीच्यांना अर्धे-अर्धे करून त्याच्यासमोर उभे करा. दुसऱ्या दिवशी चौथ्या रीस्टार्टला जोडी सापडली.

ही युक्ती काही नवी नाही. मी नव्वदच्या दशकात एका छापखान्यात डीटीपी शिकले तेव्हा डॉस या जुन्या सिस्टिमवर नेहमीच्या प्रोग्रॅम्सना ६४० केबीच मेमरी मिळायची आणि तिच्या वरची वापरायला खरोखरच मेमरी मॅनेजर लागायचा. दोन मॅनेजर एकत्र नांदत नसत. मशीन अडकलं की आमचे सर चालू होताना एफ ५ दाबून सगळं टाळायचे, मग कॉन्फिग फाइलमधल्या एकेका ओळीपुढे 'आरईएम' लिहून ती झोपवायचे. फरक एवढाच, की तेव्हा त्या सॉफ्टवेअरची गरज होती.

७. काढायचं ते मुळासकट, आणि त्याने बिघडवलेलं पूर्ववत

दोघांपैकी एकच ठेवा. माझा सल्ला: बूस्टर जाऊ द्या. आमच्या अँटीव्हायरसमधला बूस्टरही सेटिंगमधून बंद केला. दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर यात मोजू नका, दुसरा आला की तो आपणहून बाजूला होतो.

कंट्रोल पॅनलमधून अनइन्स्टॉल करा. सेफ मोडमध्ये काही सॉफ्टवेअरं निघत नाहीत, 'इन्स्टॉलर सर्व्हिस चालू नाही' असा निरोप येतो. मग त्याची सर्व्हिस एमएसकॉन्फिगमध्ये बंद करून नेहमीच्या मोडमध्ये या आणि तिथून काढा. अँटीव्हायरस कंपन्या उरलंसुरलं साफ करायला वेगळं रिमूव्हल टूल देतात. ते कंपनीच्याच वेबसाइटवरून घ्या. प्रोग्रॅम फाइल्समधलं फोल्डर नुसतं डिलीट करू नका, ड्रायव्हर मागे राहतो आणि पुढच्या वेळी आणखी वाईट पद्धतीने भेटतो.

मग या चार जागा बघा, बूस्टर आणि 'फास्ट करण्याचे उपाय' इथं हात घालून गेलेले असतात:

- व्हर्च्युअल मेमरी: सिस्टिमच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये, परफॉर्मन्सच्या आत. 'ऑटोमॅटिकली मॅनेज'वर टिक हवी. आमच्याकडे पेजिंग फाइल (रॅम पुरली नाही की विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा) साफ बंद करून ठेवली होती.
- एमएसकॉन्फिगमध्ये बूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, 'मॅक्सिमम मेमरी'. ही टिक केली की पूर्ण रॅम मिळते असा एक गोड गैरसमज आहे. ती टिक रॅम वाढवत नाही, मर्यादा घालते. काढून टाका.
- सिसमेन (SysMain) ही मेमरी सांभाळणारी विंडोजची स्वतःची सर्व्हिस. बंद केली असेल तर चालू करा.
- विंडोज सिक्युरिटीतल्या 'कोअर आयसोलेशन'मध्ये 'मेमरी इंटिग्रिटी'. जुन्या ड्रायव्हरचं हिच्याशी पटत नाही. चालू करायला गेलात की न जुळणाऱ्या ड्रायव्हरची यादीच दाखवते. तो ड्रायव्हर अपडेट करा किंवा काढा.

८. तरीही पडतंय? मग रॅम

विंडोज चालू होत असेल तर विंडोजचं बटण आणि आर दाबून येणाऱ्या चौकटीत 'एमडीशेड' (mdsched) लिहिलं की विंडोजची रॅम तपासणी सुरू होते. मशीन रीस्टार्ट होऊन तपासते, निकाल नंतर कोपऱ्यात येतो. जास्त खात्री हवी तर, किंवा विंडोज चालूच होत नसेल तर, मेमटेस्ट ८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. एकही चूक दाखवली तर ती रॅम भरवशाची नाही.

कॅबिनेट उघडायचं तर आधी वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, लोखंडी भागाला हात लावा, मगच आत. आमच्या कॅबिनेटमध्ये पंख्याच्या पात्यांवर पिवळाधमक थर होता. यार्डातली हळदीची धूळ कुठंही शिरते. रॅमची सोनेरी टोकं पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसायची, चुरा ब्रशने झटकायचा, आणि खटकन आवाज येईपर्यंत परत बसवायची. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून चालवून बघा.

९. सेफ मोडही येत नसेल तर

त्याच दुरुस्तीच्या स्क्रीनवर 'सिस्टिम रीस्टोर' आहे. बिघाडाच्या आधीची तारीख निवडा. तुमच्या फाइली जात नाहीत, फक्त त्यानंतर टाकलेले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर जातात. शेजारीच 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे. त्यानंतर 'रिसेट', त्यात 'कीप माय फाइल्स' असलं तरी बाहेरून टाकलेले प्रोग्रॅम सगळे उडतात. टॅलीचं लायसन्स त्याआधी सरेंडर, म्हणजे कंपनीकडे परत जमा, करता आलं तर करा.

१०. मूळ तक्रार तशीच आहे

मशीन स्लो होतं म्हणून हे सगळं घडलं, आणि बूस्टर काढल्यावरही ते स्लोच होतं. टास्क मॅनेजर उघडून कामाच्या वेळी बघा. डिस्क सारखी शंभर टक्क्यांवर असेल तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली जलद डिस्क, बसवा. मेमरी कायम ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असेल तर खरी रॅम वाढवा. त्याआधी विंडोज ६४ बिट आहे ना ते बघा, कारण ३२ बिट ४ जीबीच्या पुढे जात नाही. दुकानात जाताना रॅमची जुनी पट्टी कागदात गुंडाळून बरोबर न्या. डीडीआर ३ आणि डीडीआर ४ च्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, आणि अण्णांनी पुतण्याला नुसतं "चार जीबीची आण" म्हणून पाठवलं तेव्हा त्याने नेमकी चुकीचीच आणली होती.